एका हंगामात तीन मॅरेथॉन: पहिल्यांदाच हा घाट घालणाऱ्यांसाठी

मुंबई मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: डिसेंबरात एक फुल (४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन) करून जानेवारीत मुंबई जमेल का? आणि जमलीच तर फेब्रुवारीत दिल्ली? जमतं. अट एकच, की तीनपैकी एकच शर्यत जीव तोडून धावायची आणि बाकीच्या दोन हात राखून. ज्यांचा हंगाम मध्येच बसतो, त्यांची तयारी बहुधा कमी पडलेली नसते. डिसेंबरात पाय छान चालले म्हणून त्यांनी तिथेच सगळा दारूगोळा उडवलेला असतो.

हा लेख नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल ४ तास ३० मिनिटांचं लक्ष्य धरलं आहे. आपापल्या वेगाप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

आधी स्वतःची परीक्षा

किमान वर्षभर सलग धावणं, दोन-तीन हाफ (२१.१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉन) आणि एखादी फुल पदरी असावी. गेले आठ आठवडे दर आठवड्याला ३५ किलोमीटर कुठेही न दुखता झालेले असावेत. आयुष्यातली पहिलीच फुल याच हंगामात असेल, तर फुल एकच करा आणि तिच्या आधी दोन हाफ घ्या. तोही हंगामच झाला.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर नोंदणीच्या आधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. शाकाहारी धावपटूंनी आणि स्त्रियांनी तर ते पाहावंच. जेवणावर लगेच चहा घेतला की जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबा.

कॅलेंडर मांडताना

महाराष्ट्रातल्या माणसाचा हंगाम साधारण असा बसतो. पावसाळा सरता सरता साताऱ्याची हिल हाफ, डिसेंबरात वसई-विरार किंवा पुणे, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई आणि फेब्रुवारीत नवी दिल्ली. तारखा इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे त्या वर्षीची घोषणा पाहूनच पैसे भरा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली शर्यत घेतली तर मुंबईपर्यंत पाच ते सहा आठवडे मिळतात आणि मुंबईनंतर दिल्लीला पुन्हा साधारण तेवढेच. दोन फुलमध्ये चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर नवख्याने ठेवू नये. दोन्ही जोरात धावायच्या असतील तर दहा-बारा आठवडे हवेत, आणि तेवढी जागा या हंगामात नाही. म्हणून मुख्य शर्यत एकच.

ती कोणती, हे आधी ठरवा आणि घरच्यांना सांगून टाका. वेळ सुधारायचा असेल तर आमचं मत दिल्लीला. फेब्रुवारीतली तिथली पहाट थंड आणि कोरडी असते, रस्ता सपाट. मुंबईत पहाटे पाचला सुरुवात करूनही शेवटचा तास उन्हात आणि दमट हवेत जातो. पेडर रोडचा चढ तर वर्षानुवर्षं पाय रिकामे झाल्यावरच भेटत आला आहे. मार्ग अधूनमधून बदलतो, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा नीट बघा. मात्र मुंबईच्या रस्त्यावर दुतर्फा उभी राहणारी गर्दी दुसरीकडे मिळत नाही. तिच्यासाठी मुंबईच मुख्य ठेवायची असेल, तर दिल्ली ऐच्छिक समजा. पुढचं सगळं वेळापत्रक मुंबई मुख्य धरून दिलं आहे.

सातारा हाफ आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण खरा हिशेब उतारावर चुकता होतो. उतरताना मांड्यांचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यामुळे त्यांचे तंतू जास्त फाटतात. चार-पाच दिवस जिना उतरताना आठवण राहते. त्या आठवड्यात दुसरा कोणताही जोराचा व्यायाम नको. साताऱ्याच्या वेळेवरून फुलचा अंदाजही बांधू नका. त्यासाठी सपाट रस्त्यावरची हाफ लागते. तिच्या वेळेला २.१ ने गुणा, पहिल्या-दुसऱ्या फुलला २.२ ने. हाफ २ तास १० मिनिटांत होत असेल तर ४:३३ ते ४:४६. उन्हाची आठ-दहा मिनिटं वर धरा.

लडाख मॅरेथॉन पहिल्या हंगामात घालू नका. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे आठवडा-दहा दिवस आधी जाऊन राहायला हवं आणि परतल्यावर सप्टेंबरची घडी विस्कटते ती वेगळीच.

बाहेरगावच्या शर्यतीचं रेल्वे तिकीट ६० दिवस आधी मिळायला लागतं, तेव्हा तारखेवर नजर ठेवा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, बहुतेक ठिकाणी आदल्या दिवसापर्यंत एक्स्पोतच (शर्यतीआधीच्या प्रदर्शनातच) घ्यावा लागतो आणि शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. म्हणजे दिल्लीला शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी पोचायचं.

पावसाळ्यातला पाया

जून ते ऑगस्ट वेगाचा विचारही नको. मंगळवार, गुरुवार, शनिवार छोट्या धावा, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. आठवड्याचं अंतर ३० वरून ४५ किलोमीटरपर्यंत, लाँग रन १४ वरून २४ पर्यंत. दर चौथ्या आठवड्याला सगळं पाव हिश्शाने कमी करायचं. ही उतरती पायरी लोक गाळतात, आणि सप्टेंबरात नडगी धरून बसतात.

सोपी धाव म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशी. मॅरेथॉनच्या लक्ष्यवेगापेक्षा किलोमीटरमागे ६० ते ९० सेकंद हळू. ४:३० साठी लक्ष्यवेग किलोमीटरला ६:२४ मिनिटं येतो, तेव्हा सोपी धाव ७:२५ ते ७:५० ची. एवढं हळू धावताना लाज वाटते, वाटू द्या.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हीटरवर किंवा कडक उन्हात वाळवले तर तळ आणि वरचा भाग जोडणारा गोंद सुटतो. दोन जोड आलटून पालटून वापरा. एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. वरून नवा दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. माप नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठं हवं, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असं. नखं काळी पडतात ती बहुतेक वेळा याच कारणाने. पायांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्याशिवाय मोजे घालू नका, पावसाळ्यात चिखल्या होतात.

आठवड्यातून दोनदा २५ मिनिटं ताकदीचे व्यायाम: एका पायावर टाच उचलणं १५ चे तीन संच, स्क्वॉट, ग्लूट ब्रिज, प्लँक. पोटरीची ताकद तीन फुलच्या हंगामात सगळ्यात आधी संपते, म्हणून टाच उचलणं चुकवू नका.

याच काळात डेंग्यू आणि व्हायरल तापाची साथ असते. ताप असताना धावायचं नाही, मग शर्यतीचे पैसे भरलेले का असेनात. विषाणूसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी जोराची धाव धोक्याची ठरते. ताप उतरल्यावर आठवडाभर फक्त चालणं. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: लाँग रन

आठवड्याचं अंतर ५० ते ५५. लाँग रन साधारण २४, २६, २८, मग २० चा हलका आठवडा, पुढे २८, ३०, पुन्हा २०. साडेतीन तासांच्या पुढे लाँग रन नेऊ नका, किलोमीटर कितीही झालेले असोत. त्यापुढे तयारीत पडणारी भर थोडी आणि मोडतोड जास्त. गुरुवारी एक जोराची धाव: २ किलोमीटर वॉर्म-अप, ५ ते ६ किलोमीटर लक्ष्यवेगापेक्षा २०-२५ सेकंद जलद, २ किलोमीटर सावकाश. बाकी सगळं सोपं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्याळातला वेग आपोआप उतरतो. त्याच्याशी झगडू नका, श्रम तेवढेच ठेवा. नवरात्राचे उपास करत असाल तर लाँग रन उपासाच्या दिवसात घालू नका, घटस्थापनेआधी उरकून घ्या. दिवाळीत मात्र फराळाची काळजी नको. काळजी घ्यायची ती झोपेची. चार दिवस जागरणं झाली की पाचव्या दिवशीची २८ ची धाव अंगावर येते.

डिसेंबरची फुल: लगाम खेचून

लक्ष्यवेगापेक्षा ३५ ते ४० सेकंद हळू, म्हणजे सातच्या थोडं वर. वेळ पाच तासांच्या आत-बाहेर येईल. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ५ तासांच्या पेसरच्या (ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करून देणाऱ्या धावपटूच्या) टोळक्यात मिसळायचं आणि शेवटपर्यंत तिथून हलायचं नाही. ३५ व्या किलोमीटरला ताजंतवानं वाटलं तरी पुढे सुटायचं नाही. तो ताजेपणा जानेवारीसाठी बाजूला काढलेला आहे. खाणंपिणं, बूट, मोजे, कपडे, सगळं मुंबईला वापरणार तेच. या शर्यतीत वेळेपेक्षा पोटाची चाचणी महत्त्वाची.

ही फुल म्हणजेच मुंबईसाठीची शेवटची मोठी धाव. तिच्यानंतर पुन्हा ३०-३२ घालायची काहीही गरज नाही.

मधले पाच आठवडे

स्नायूंमधला ग्लायकोजेन (साठवलेली कर्बोदकं) दोन-तीन दिवसांत भरतो, म्हणून चौथ्या दिवशी अंगात हुरूप येतो. पण स्नायूंच्या तंतूंना झालेली इजा भरायला दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. अस्थिबंध आणि हाडं आणखी मागे असतात. हुरूप आणि दुरुस्ती यांच्यातल्या या फटीत दुखापती होतात.

पहिला आठवडा: तीन-चार दिवस धावणं बंद. रोज २०-३० मिनिटं चालणं, चालेल तर पोहणं. पाचव्या दिवसानंतर ४-५ किलोमीटरची एक किंवा दोन सावकाश धाव. त्या दिवसांत डीप टिश्यू मसाज नको, आधीच फाटलेल्या तंतूंना आणखी कशाला चेपायचं?

दुसरा आठवडा: २५ ते ३० किलोमीटर, सगळे सोपे, लाँग रन १२-१४.

तिसरा आठवडा: ४० ते ४५. रविवारी २२ ते २४, त्यातले मधले ८ ते १० लक्ष्यवेगाने. हीच कसोटी. हा वेग धरताना धाप लागत असेल, नाडी नोव्हेंबरपेक्षा ८-१० ने वर असेल, तर मुंबईचं लक्ष्य दहा मिनिटांनी सैल करा. इथे मन कठोर करणारे पुढे सुखरूप धावतात.

चौथा आठवडा: ३५, लाँग रन १६.

पाचवा: शर्यत सोडून १५ ते १८. गुरुवारी ५ किलोमीटरमध्ये चार वेळा मिनिटभर लक्ष्यवेग, बस्स. हात शिवशिवतात, जिथे तिथे काहीतरी दुखल्यासारखं वाटतं. टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या दिवसांत, हे होतंच. सहावा आठवडा मिळाला तर तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये घाला, ३५ किलोमीटरचा.

मुंबईनंतर दिल्लीपर्यंत याहून ढिलं. मुंबई जोरात धावली असेल तर पहिले दहा दिवस जवळजवळ काहीच नाही, तिसऱ्या आठवड्यात १६-१८ ची एकच सोपी धाव, जोराची धाव एकही नाही. त्या १६ नंतर दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता येतो का, एका पायावर वीस उड्या न दुखता होतात का, ते पाहा. नाही म्हणालात तर तिकीट रद्द करा. नोंदणीचे पैसे बुडतील. एमआरआय त्याहून महाग पडतो.

पोटाचं गणित

शर्यतीआधीचे दोन दिवस वजनाच्या किलोमागे रोज ८ ग्रॅम कर्बोदकं. ६५ किलोच्या माणसाला ५२० ग्रॅम. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४०, एका पोळीत १५ ते २०, मध्यम केळ्यात २५. म्हणजे दिवसभरात पाच वाट्या भात, चार पोळ्या, चार केळी आणि वर पोहे, शिरा, सरबत असं काहीतरी. मुंबईची शर्यत नेहमी संक्रांतीच्या आसपास येते, तेव्हा गूळपोळी खुशाल खा, फक्त तूप बेताने. शनिवारी मात्र उसळी, कोशिंबिरी, राजमा, झणझणीत रस्सा बंद. शेवटचं मोठं जेवण दुपारी, रात्री आठच्या आत दहीभात किंवा मऊ खिचडी. वजन किलो-दीड किलोने वाढेल. ते ग्लायकोजेनबरोबर साठलेलं पाणी आहे, चरबी नव्हे.

धावताना तासाला ४० ते ५० ग्रॅम. बाजारातल्या बहुतेक एनर्जी जेलमध्ये (पाकिटातल्या गोड, घट्ट रसामध्ये) २०-२५ ग्रॅम असतात. पहिलं जेल ४० व्या मिनिटाला, पुढे दर ३५ मिनिटांनी, एकूण सहा-सात. भूक लागेपर्यंत थांबलात तर ३० किलोमीटरच्या पुढे वॉल (साठा संपून पाय एकदम जड होणं) ठरलेली. जेल साध्या पाण्याबरोबरच घ्या. एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलं की साखरेचं पाणी घट्ट होऊन पोटात डुचमळतं. जेल न सोसणाऱ्यांनी बिया काढलेला खजूर, केळ्याचे तुकडे, लिंबाच्या गोळ्या वापरून पाहाव्यात. शेंगदाण्याची चिक्की शर्यतीनंतर बरी, धावताना तिच्यातली चरबी पचन मंदावते.

ओआरएसबद्दल एक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. त्यातून मीठ मिळतं, ताकद नाही. जेलला ते पर्याय होत नाही.

पाणी किती, हे घरच्या काट्यावर ठरवा. एक तास धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. ६५.० चं ६४.२ झालं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर तुमचा घाम तासाला १.१ लिटर. सगळा भरून काढायचा नसतो. तासाला ५०० ते ७०० मिली, दर अडीच किलोमीटरला चार-पाच घोट. उलट नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटांना सूज, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी आणखी पाणी न पिता वैद्यकीय मदतकेंद्र गाठा.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या अडीच तास आधी दोन केळी आणि जॅम-ब्रेड किंवा थोडा उपमा. चहा-कॉफी रोज घेत असाल तरच घ्या. मांड्यांच्या आत, काखेत व्हॅसलीन. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप लावावी, नाहीतर बनियनवर रक्ताचे दोन डाग घेऊन फोटो निघतात. त्या दिवशी नवं काहीही नको, एक्स्पोत घेतलेले मोजेसुद्धा. नव्या बुटांवर आधी ५० किलोमीटर आणि त्यात एक लाँग रन झालेली असावी.

मुख्य शर्यतीत पहिले ५ किलोमीटर लक्ष्यवेगापेक्षा १० सेकंद हळू. गर्दीत वाट काढायला झिगझॅग पळू नका, त्यात चार-पाचशे मीटर फुकट वाढतात. ३२ पर्यंत वेग स्थिर ठेवा; चढावर घड्याळ न पाहता श्रम सारखे ठेवा. पेनकिलर घेऊन धावायचं नाही. शरीरातलं पाणी कमी असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा भार मूत्रपिंडावर पडतो, शिवाय दुखणं झाकलं जाऊन इजा वाढते.

छातीत दुखणं, डावा हात किंवा जबडा भरून येणं, चक्कर, अंगावर एकदम काटा येऊन घाम थांबणं: यातलं काहीही झालं तर थांबा आणि जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा.

कशावर नजर ठेवायची

सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजून लिहा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त सलग तीन दिवस दिसले तर दोन दिवस सुट्टी घ्या. दोन्ही पायांत पसरलेलं दुखणं बहुधा स्नायूंचं असतं आणि चालता चालता सैल होतं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं हाडातलं दुखणं, उडी मारल्यावर कळ, रात्री ठणका, ही स्ट्रेस फ्रॅक्चरची (हाडाला गेलेल्या बारीक तड्याची) लक्षणं. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून धावायला लागू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखते किंवा अकिलीस (टाचेमागची शीर) आखडते, तेव्हा चढ आणि जोराच्या धावा लगेच बंद, टाच उचलण्याचे व्यायाम चालू. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक किलोमीटरनंतर दुखू लागलं तर आयटी बँडचा (मांडीच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पट्ट्याचा) संशय घ्या, उताराची धाव टाळा आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद वाढवा.

पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही, तर ती जास्त सरावाची सवय समजून सोडून देऊ नका. सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय, आणि हाडांवर त्याचा परिणाम होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर अंतर कमी करा.

शेवटची शर्यत झाली की दोन आठवडे बूट बाजूला. सायकल, पोहणं, टेकडीवर फिरणं चालेल. मार्चमध्ये फेरिटिन पुन्हा तपासा, कारण तीन फुलनंतर ते उतरलेलं सापडतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आठवड्याला २०-२५ किलोमीटर, तेही पहाटे, एवढं पुरेसं आहे. पुढच्या साताऱ्याची नोंदणी उघडते तेव्हा लगेच बटण दाबायच्या आधी हंगामभराची वही काढा आणि कोणत्या आठवड्यात काय दुखलं ते बघून मगच तारखा ठरवा.